टीआय-८३ प्लस आणि ८४ प्लसवर असेंब्ली: ८०८५ शिकलेल्यांना निम्मं येतंच

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला इंटेलच्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे) कीपॅडने ऑपकोड टाकून ज्यांनी प्रॅक्टिकल केलंय त्यांच्यासाठी असेंब्लीबद्दल, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत प्रोग्राम लिहिण्याबद्दल, हे मुद्दाम लिहितोय, कारण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये झेड८० प्रोसेसर आहे, आणि झायलॉगने १९७६ मध्ये झेड८० काढला तो इंटेलच्या ८०८० चे प्रोग्राम जसेच्या तसे चालावेत म्हणूनच. ८०८५ पण त्याच घरातला. म्हणजे थ्री-ई, ट्वेंटीवन, सी-नाइन हे जे आकडे आपण जर्नलमध्ये लिहून लिहून पाठ केले ते या कॅल्क्युलेटरवर आजही तेच काम करतात. फक्त इथे समोर सात-सेगमेंटचा डिस्प्ले नाही तर ९६ बाय ६४ पिक्सेलचा स्क्रीन आहे, कीबोर्ड आहे, आणि सगळं खिशात मावतं.

आपल्याकडे हे यंत्र फारसं दिसत नाही, बोर्डाच्या परीक्षेला कॅल्क्युलेटरच चालत नाही म्हटल्यावर घेणार कोण. पण आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) बोर्डाच्या शाळांमध्ये गणिताला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच, त्यामुळे पुण्या-मुंबईत त्या शाळांमधल्या मुलांकडे असतो, आणि अमेरिकेत ज्यांची भावंडं किंवा भाचेमंडळी आहेत त्यांच्या घरी तर हायस्कूल संपल्यावर एखादा ८४ प्लस ड्रॉवरमध्ये पडलेला सापडायची शक्यता खूप आहे. तो मागवून घ्या. नाहीच मिळाला तर एम्युलेटर, म्हणजे पीसीवर कॅल्क्युलेटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आहे, त्याबद्दल पुढे.

आधी मशीन समजून घेऊ. ८३ प्लस १९९९ चा, झेड८० ६ मेगाहर्ट्झवर, ३२ केबी रॅम आणि त्यातली साधारण २४ केबी आपल्याला वापरायला, शिवाय ५१२ केबी फ्लॅश, म्हणजे बॅटरी काढली तरी टिकणारी मेमरी. ८४ प्लस २००४ चा, तोच प्रोसेसर पण १५ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, फ्लॅश जास्त, आणि यूएसबी आहे. दोन्हीवर एकच प्रोग्राम चालतो. झेड८० ला एका वेळी ६४ केबीच दिसते, म्हणून १६ केबीचे चार कप्पे केलेत, शून्यापासून ३एफएफएफ पर्यंत (पत्ते सगळे हेक्समध्ये) फ्लॅशचं पहिलं पान कायम, ४००० ते ७एफएफएफ मध्ये फ्लॅशचं जे पान हवं ते आणून बसवायचं, आणि ८००० पासून वर रॅम. हे लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

एक गोष्ट आधी करा, कॅल्क्युलेटरमध्ये जे काही महत्त्वाचं आहे ते मेमरी मेनूतून आर्काइव्ह करून टाका. असेंब्ली प्रोग्रामवर कोणाचं लक्ष नसतं, चुकला तर मशीन हँग होतं, मग एक बॅटरी काढून परत घालायची, आणि चालू केल्यावर रॅम साफ झाल्याचा मेसेज येतो. रॅममधलं सगळं गेलेलं असतं, आर्काइव्हमधलं फ्लॅशमध्ये असल्यामुळे राहतं. यंत्र मात्र यात खराब होत नाही, फ्लॅशमध्ये लिहायला वेगळं कुलूप उघडावं लागतं, त्यामुळे नवशिक्याच्या चुकीने ऑपरेटिंग सिस्टिम उडेल ही भीती बाळगू नका.

आता पहिला प्रोग्राम. बहुतेक लोक सांगतात आधी पीसीवर असेंब्लर टाका, फाइल बनवा, केबलने पाठवा. माझं मत वेगळं आहे, पहिले दोन प्रोग्राम कॅल्क्युलेटरवरच हाताने हेक्समध्ये टाका. केबल नको, सॉफ्टवेअर नको, आणि कुठला बाइट काय करतो ते डोळ्यासमोर राहतं. नंतर असेंब्लर वापरताना तो तुमच्यासाठी नेमकं काय करतोय हे कळलेलं असेल.

प्रोग्रामच्या बटणात जाऊन नवीन प्रोग्राम बनवा, नाव काहीही द्या, आठ अक्षरांपर्यंत चालतं. पहिल्या ओळीवर सेकंड आणि शून्य दाबून कॅटलॉग उघडा आणि तिथून एएसएम-प्रोग्राम हा शब्द निवडा. एकेक अक्षर टाइप करून चालणार नाही, कॅटलॉगमधूनच यायला हवा, कारण कॅल्क्युलेटरच्या दृष्टीने तो अख्खा शब्द म्हणजे एक टोकन आहे. मग खालच्या ओळींवर हे टाका (इथे देवनागरीत लिहिलंय, मशीनवर अर्थातच रोमन अक्षरं, एफ म्हणजे अल्फा दाबून कॉसचं बटण, ई म्हणजे अल्फा दाबून साइनचं):

ईएफ४०४५
ईएफ५८४५
२१डी२०४
ईएफ०७४५
ईएफ२ई४५
सी९

इथे एक खड्डा आहे. कॅल्क्युलेटरवर दोन ई आहेत, एक अल्फाचा आणि एक दहाच्या घातासाठीचा, सेकंड आणि स्वल्पविराम दाबून येणारा छोटा ई. तो छोटा ई पडला तर प्रोग्राम एरर देतो आणि स्क्रीनवर फरक पटकन लक्षात येत नाही. तसंच शून्य आणि ओ अक्षर.

चालवायला होम स्क्रीनवर परत कॅटलॉगमधून एएसएम आणि कंस हे टोकन घ्या, मग प्रोग्रामच्या यादीतून तुमचं नाव, एंटर. स्क्रीन साफ होऊन वरच्या ओळीत १२३४ येईल आणि खाली डन. सगळा प्रोग्राम १६ बाइट.

आता ओळीने बघू. २१ म्हणजे आपला एलएक्सआय एच, झेड८० च्या भाषेत एलडी एचएल, पुढचे दोन बाइट डी२ आणि ०४, उलटे वाचायचे, ०४डी२, म्हणजे दशमानात १२३४. लोअर बाइट आधी, हायर नंतर, किटवर होतं तसंच. सी९ म्हणजे रिटर्न, कंट्रोल परत ऑपरेटिंग सिस्टिमकडे. आणि ईएफ म्हणजे आरएसटी ५. व्हायवाला हमखास विचारायचे, आरएसटी ५ कुठे उडी मारतो, पाच गुणिले आठ चाळीस, हेक्समध्ये २८. या कॅल्क्युलेटरमध्ये २८ या पत्त्यावर सिस्टिमचं एक फार महत्त्वाचं रूटीन बसवलंय. ते स्टॅकवरचा रिटर्न ॲड्रेस बघतं, तिथे लगेच पुढे असलेले दोन बाइट उचलतं, ते दोन बाइट म्हणजे कोणतं काम हवंय त्याचा नंबर, मग टेबलात बघून ते काम फ्लॅशच्या कुठल्या पानावर आहे ते शोधतं, ते पान ४००० वर आणून बसवतं, काम करून घेतं, आणि परत येताना ते दोन बाइट ओलांडून पुढच्या इन्स्ट्रक्शनवर सोडतं. याला सगळे बी-कॉल म्हणतात. म्हणून ईएफ४०४५ म्हणजे ४५४० नंबरचं काम, पूर्ण स्क्रीन पुसा. ४५५८ म्हणजे कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, ४५०७ म्हणजे एचएलमधला आकडा दशमानात दाखवा, ४५२ई म्हणजे नवीन ओळ.

डी२०४ च्या जागी एफएफएफएफ टाकून परत चालवा, ६५५३५ येईल. १६ बिट इथे संपतात.

दुसरा प्रोग्राम जरा मजेचा. कॅल्क्युलेटरमध्ये देवनागरी फाँट नाही, पण स्क्रीनवर काय काढायचं ते आपल्या हातात आहे, तर आपण प हे अक्षर काढू. ८ बाय ८ चा चौकोन घ्यायचा, एक ओळ म्हणजे एक बाइट, पेटलेला पिक्सेल १, विझलेला ०. वरची शिरोरेषा, म्हणजे आठही १, एफएफ. मग डावीकडे एक टिंब आणि उजवीकडे काना, ०१००००१०, म्हणजे ४२, अशा तीन ओळी. मग पोट मिटवायची ओळ, ००१११११०, ३ई. मग खाली नुसता काना, ०२, ०२, आणि शेवटची ओळ मोकळी, ००. वहीत चौकटी आखून काढून बघा, व्यवस्थित प दिसतो.

स्क्रीनची एक प्रत रॅममध्ये ९३४० या पत्त्यापासून ठेवलेली असते, ७६८ बाइट, कारण ९६ गुणिले ६४ भागिले ८. एका आडव्या ओळीला ९६ भागिले ८, म्हणजे १२ बाइट. त्यामुळे अक्षराची एक ओळ ठेवली की खालच्या ओळीसाठी पत्त्यात १२ मिळवायचे. सगळा खेळ एवढाच आहे.

ईएफडी०४बी
२१बी३९डी
११४०९३
०६०८
७ई
१२
२३
ई५
२१०सी००
१९
ईबी
ई१
१०एफ४
ईएफ६ए४८
ईएफ७२४९
सी९
एफएफ४२४२४२३ई०२०२००

वरून खाली वाचा. ४बीडी० ने ती रॅममधली प्रत साफ केली. एचएलमध्ये अक्षराच्या डेटाचा पत्ता, डीईमध्ये ९३४०, बीमध्ये ८. मग ७ई म्हणजे मूव्ह ए,एम, १२ म्हणजे स्टॅक्स डी, २३ इंक्स एच, ई५ पुश एच, मग एचएलमध्ये १२, १९ म्हणजे डॅड डी, ईबी म्हणजे एक्स्चेंज, ई१ पॉप एच. बघा, यातला एकही बाइट ८०८५ वाल्याला नवीन नाही. नवीन आहे ती फक्त १०एफ४ ही ओळ, डीजेएनझेड, बी एकने कमी करा आणि शून्य झाला नसेल तर मागे उडी मारा. किटवर याच कामाला डीसीआर बी आणि जेएनझेड मिळून चार बाइट जायचे आणि पूर्ण पत्ता लिहावा लागायचा, इथे दोन बाइटमध्ये काम होतं आणि पत्त्याऐवजी अंतर लिहायचं. एफ४ म्हणजे उणे १२, टूज कॉम्प्लिमेंटमध्ये. मोजायचं ते डीजेएनझेड संपल्यानंतरच्या बाइटपासून, बारा मागे गेलं की बरोबर ७ई वर पोचतो. शेवटी ४८६ए ने ती प्रत खऱ्या स्क्रीनवर जाते, ४९७२ बटण दाबेपर्यंत थांबतं.

आता तो बी३९डी कुठून आला. असेंब्ली प्रोग्राम चालवताना सिस्टिम तो ९डी९५ या पत्त्यावर नेऊन ठेवते. आपल्या कोडचे सी९ पर्यंत ३० बाइट होतात, हेक्समध्ये १ई, ९डी९५ अधिक १ई म्हणजे ९डीबी३, तिथून अक्षराचा डेटा सुरू. मध्ये एखादा बी-कॉल वाढवलात तर तीन बाइट वाढतील आणि हा पत्ता ९डीबी६ करावा लागेल. दर बदलाला असं मोजत बसणं म्हणजे काय ते दोनचार वेळा अनुभवा, मग असेंब्लरमध्ये नुसतं लेबल लिहून सुटता येतं याची किंमत कळते.

पुढचा सराव हवा असेल तर प डावीउजवीकडे हलवा. ४९७२ ऐवजी ४०१८ नंबरचं काम वापरा, ते थांबत नाही, त्या क्षणी कुठलं बटण दाबलंय ते ए रजिस्टरमध्ये देतं आणि काही नसेल तर ०, खालचा बाण ०१, डावा ०२, उजवा ०३, वरचा ०४, क्लिअर ०एफ. आडवी जागा ० ते ११ अशी एका बाइटमध्ये ठेवा, त्यासाठी ८६ईसी पासून ७६८ बाइट मोकळे मिळतात, आणि ९३४० मध्ये तेवढे मिळवून अक्षर काढा, दर वेळी आधी प्रत साफ करून. एका दाबात ८ पिक्सेल सरकेल, एकेक पिक्सेल सरकवायचा तर बिट शिफ्ट करून दोन शेजारच्या बाइटमध्ये वाटावे लागतात, ते नंतर. गेम लिहायला लागलात की ४८६ए सुद्धा हळू वाटायला लागेल, तेव्हा लोक स्क्रीनच्या पोर्टवर थेट लिहिणारं स्वतःचं रूटीन वापरतात.

जिथे हमखास प्रोग्राम मरतो त्या जागा सांगतो. आयवाय रजिस्टरला हात लावू नका, त्यात ८९एफ० हा सिस्टिमच्या फ्लॅगचा पत्ता असतो आणि बी-कॉल आणि इंटरप्ट दोघांनाही तो तिथेच लागतो. शॅडो रजिस्टर, म्हणजे झेड८० मधला रजिस्टरांचा दुसरा संच, इंटरप्ट वापरतो, वापरायचीच असतील तर आधी इंटरप्ट बंद करा. बी-कॉल बरीच रजिस्टर बिघडवतात, म्हणून लूपच्या आत बी-कॉल असेल तर बीसी पुश करून ठेवा, नाहीतर काउंटर भलतीकडे जातो आणि लूप संपतच नाही. पुश आणि पॉप सारखे हवेत, एक जरी कमीजास्त झाला की सी९ भलताच पत्ता उचलतो. आणि डेटा कायम सी९ च्या नंतर ठेवा, प्रोसेसरला डेटा आणि इन्स्ट्रक्शन यातला फरक कळत नाही, तो समोर येईल ते चालवतो.

हे दोन जमले की पीसीवर या. असेंब्लर म्हणून स्पाझम घ्या, फुकट आहे आणि थेट कॅल्क्युलेटरची फाइल बनवून देतो. सोबत ८३ प्लसची इन्क्लूड फाइल लागते, तिच्यात वरचे सगळे नंबर नावांनी दिलेले असतात, म्हणजे ४५४० पाठ करायची गरज नाही. सोर्सच्या सुरुवातीला ऑर्ग ९डी९३ (कोड कुठल्या पत्त्यापासून बसणार ते असेंब्लरला सांगणारी ओळ) लिहायचं, ९डी९५ नाही, कारण पहिले दोन बाइट बीबी आणि ६डी असतात, हा कंपाइल झालेला असेंब्ली प्रोग्राम आहे अशी ती खूण, आणि त्यानंतर खरा कोड ९डी९५ ला सुरू होतो. (कॅल्क्युलेटरवरच कॅटलॉगमधलं एएसएम-कॉम्प वापरलं तर तुमच्या हेक्स प्रोग्रामचाही असा कंपाइल केलेला प्रोग्राम होतो, जागा साधारण निम्मी लागते, कारण हेक्समध्ये एका बाइटला दोन अक्षरं जात होती.) मजकूर दाखवायचा तर ४५०ए, एचएलमध्ये मजकुराचा पत्ता, आणि मजकुराच्या शेवटी शून्य बाइट विसरू नका. मोठ्या अक्षरांत स्क्रीनवर १६ अक्षरांच्या ८ ओळी बसतात. फाइल पाठवायला ८४ प्लसला साधी मिनी यूएसबी केबल चालते, ८३ प्लसला वेगळी लिंक केबल लागते, आणि लिनक्सवर टीआयएलपी हे सॉफ्टवेअर आहे.

एम्युलेटर म्हणून वॅबिटएमू. कॅल्क्युलेटर हातात असला तरी हा ठेवाच, कारण यातला डीबगर. ब्रेकपॉइंट लावा, एकेक इन्स्ट्रक्शन चालवा, बाजूला रजिस्टर आणि मेमरी बदलताना दिसते. वरचा प वाला प्रोग्राम त्यात एकदा सिंगल-स्टेप करून बघाच, ९३४० पासूनची मेमरी उघडी ठेवा, दर फेरीला एक बाइट पडतो आणि पुढचा बरोबर १२ घरं सोडून पडतो. एम्युलेटरला लागणारी रॉम, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत, मात्र स्वतःच्या कॅल्क्युलेटरमधून काढलेली वापरा, ती कंपनीची मालमत्ता आहे.

आता प्रोग्राम आणि ॲप्लिकेशन यातला फरक, कारण खूप जण दोन्ही एकच समजतात. आतापर्यंत केला तो प्रोग्राम, रॅममध्ये चालणारा. त्याला एक कडक मर्यादा आहे, सी००० च्या वर कोड चालवायला गेलात की मशीन रीसेट होतं, त्यामुळे ९डी९५ पासून तिथपर्यंत ८८११ बाइट एवढीच चालणाऱ्या कोडची जागा. डेटा वर असला तरी चालतो. त्याहून मोठं काही लिहायचं असेल किंवा रॅम साफ झाली तरी टिकायला हवं असेल तर ॲप्लिकेशन, जे ॲप्सच्या बटणात दिसतं. ते फ्लॅशमध्ये राहतं, १६ केबीच्या पानांत, आणि ४००० या पत्त्यावर चालतं. म्हणून ऑर्ग ४०००, आधी हेडर ज्यात नाव आणि पानांची संख्या वगैरे, मग कोड. फ्लॅश असल्यामुळे कोडच्या मधे व्हेरिएबल ठेवून त्यात लिहिता येत नाही, प्रत्येक बदलणारी गोष्ट रॅममध्ये हवी. आणि बाहेर पडायला सी९ नाही, ४०२७ चा बी-कॉल. एकापेक्षा जास्त पानांचं ॲप असेल तर पानं बदलण्याची जबाबदारीही आपली, म्हणून पहिलं ॲप एका पानाचंच करा, १६ केबी असेंब्लीसाठी पुष्कळ होते.

ॲपला डिजिटल सही लागते, ती नसेल तर कॅल्क्युलेटर ते घेतच नाही. घाबरू नका, हौशी लोकांसाठी ०१०४ नंबरची फ्रीवेअर की कंपनीनेच खुली ठेवली होती आणि स्पाझम तीच वापरून सही करून देतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहीची की मात्र गुप्त होती. ती ५१२ बिटची आरएसए (मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असतं यावर टिकलेली कुलूपपद्धत) होती आणि २००९ मध्ये बेंजामिन मूडी या हौशी प्रोग्रॅमरने घरच्या कॉम्प्युटरवर काही महिने गणित चालवून ती फोडली, त्यानंतर कंपनीने कायदेशीर नोटिसा पाठवल्या, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था मध्ये पडली. तुम्हाला ॲपसाठी यातलं काहीच लागत नाही, पण आरएसए शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावं.

शेवटी विकत घेणाऱ्यांसाठी. जुन्या बाजारातून घेताना ८३ प्लस, ८४ प्लस किंवा त्यांचे सिल्व्हर एडिशन घ्या, वरचं सगळं त्यांवर चालतं. रंगीत स्क्रीनचा ८४ प्लस सीई हा २०१५ चा, त्यात ईझेड८० आहे, ४८ मेगाहर्ट्झ, ३२० बाय २४० पिक्सेल, पत्ते २४ बिटचे, त्यामुळे वरचे हेक्स त्यावर टाकू नका, इन्स्ट्रक्शन ओळखीच्या वाटल्या तरी पत्ते आणि बी-कॉल सगळे वेगळे. त्यातच २०२० मध्ये परीक्षेतल्या कॉपीच्या काळजीने कंपनीने ५.५ च्या पुढच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असेंब्ली बंद केली, लोकांनी आर्टिफाइस नावाचं टूल काढून वाट शोधली. माझ्या मते विद्यार्थ्यांवर हा अन्याय आहे, परीक्षेसाठी एक्झाम मोड आहेच की. सीई घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला आधी अबाउटचा स्क्रीन उघडून ऑपरेटिंग सिस्टिमचा नंबर विचारा, ५.५ च्या आधीचा असेल तर घ्या आणि अपडेट करू नका.